वेल्सच्या कोळसाखाणीत, युद्धाच्या काळात मोठा होणारा मुलगा: १९४४ चा संप कसा समजून घ्यावा?

वाचनवेल्हाळ

सस्नेह नमस्कार.

एका दिवाळी अंकाच्या कुमार विभागासाठी मी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. कथेचा नायक दक्षिण वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यातला, कोळसाखाणीत काम करणारा मुलगा असून काळ दुसऱ्या महायुद्धाचा आहे. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला हा मुलगा युद्ध संपता संपता कर्ता पुरुष कसा होतो, हे मला सांगायचे आहे. कथानायक सैनिक असता, तर या प्रवासाचे टप्पे लेखकाला आयतेच मिळाले असते: भरती, निरोप, आघाडी आणि परतणे. खाणीतला मुलगा मात्र पहाटे ज्या गल्लीतून बाहेर पडतो, त्याच गल्लीत दुपारी परत येतो आणि सहा वर्षे त्याचे हेच चालते. त्याच्या मोठे होण्याची खूण नेमकी कोणती मानावी, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मार्च १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरायला जेमतेम तीन महिने उरले असताना, दक्षिण वेल्समधील सुमारे एक लाख खाणकामगार संपावर गेले. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत केवळ अल्पवयीन मुलांनी केलेले छोटे संपही झाले होते. माझा नायक तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा असेल आणि तो या संपात असणार हे उघड आहे. त्याचा मोठा भाऊ इटलीत लढतो आहे, असे मी योजले आहे. अशा मुलाने कोळसा काढणे थांबवावे, ही गोष्ट कुमारवाचकाला पटेल अशी लिहिणे मला अजून साधलेले नाही. जाणकारांनी दोन्ही प्रश्नांवर लिहावे, आणि खाणीतल्या रोजच्या कामाचे बारकावे ठाऊक असतील तर तेही सांगावेत, ही विनंती.

बल्लारपूरकर

मी विदर्भातील भूमिगत कोळसाखाणीत नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतर वेल्समधील खाणकामाचा इतिहास वाचत असतो. म्हणून आधी कामाविषयी लिहितो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्या कामातच दिसते.

तुमच्या नायकाला पहिल्याच दिवशी कोळसा तोडायला लावू नका. चौदा वर्षांच्या मुलाला एकतर हवा खेळती ठेवणाऱ्या दरवाजांपाशी बसवत, नाहीतर एखाद्या मुरलेल्या कामगाराच्या हाताखाली देत. हा मुरलेला कामगार पुष्कळदा त्याचा बाप, काका किंवा शेजारीच असे. थोरल्याने थरातून कोळसा पाडायचा आणि मुलाने त्यातले मोठे खडे हातांनी वेचून पत्र्याच्या उथळ पेटीत भरायचे, ती पेटी पोटाशी धरून उचलायची आणि रुळावरच्या डब्यात रिकामी करायची, असे ते काम होते. वेल्समध्ये त्या डब्याला ड्रॅम म्हणत. फावड्याऐवजी पेटी वापरण्यामागे पैशाचा हिशेब होता, कारण जुन्या पद्धतीत मजुरी मोठ्या कोळशावर मिळे आणि चुरा भरला तर तो फुकट जाई. यंत्रावर चालणारे पट्टे आलेल्या खाणींत ही पद्धत युद्धकाळापर्यंत मागे पडत चालली होती, पण हाताने कोळसा काढणाऱ्या जागा तेव्हाही पुष्कळ होत्या. पहिल्या काही आठवड्यांत मुलाच्या बोटांची सालपटे निघत आणि त्या जखमांत कोळशाची पूड भरून कायमच्या निळसर रेषा उमटत. खाणीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या हातांवर आणि कपाळावर या रेषा हमखास दिसत.

त्याच्या अंगावरच्या वस्तूंचेही वर्णन येऊ द्या. गुडघ्याखाली पँटवर दोरी किंवा चामड्याचा पट्टा आवळलेला असे. पावाच्या कापासारख्या आकाराचा, दोन अर्ध्या भागांचा पत्र्याचा डबा आणि पाण्याचा पत्र्याचाच चंबू सोबत असे, कारण फडक्यात बांधलेले जेवण उंदीर शिल्लक ठेवत नसत. दिव्यांच्या खोलीत क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला देऊन दिवा घ्यायचा आणि वर आल्यावर दिवा परत करून बिल्ला घ्यायचा. पाळी संपल्यावर कोणाचा दिवा आलेला नाही, यावरून कोण वर आलेला नाही हे कळे.

खरे शिक्षण मात्र कानांचे होते. छतावरचा भार वाढू लागला की लाकडी खांब आधी कुरकुरतात. थोरल्याने हात वर केला की मुलाने काम थांबवून श्वाससुद्धा हळू घ्यायचा आणि ऐकायचे. आमच्या खाणीतही जुने लोक लाकडी टेकूवर लोखंडी टेकूपेक्षा जास्त विश्वास ठेवत. लोखंड न सांगता जाते, लाकूड सांगून जाते, असे ते म्हणत आणि वेल्समधील खाणकामगारही हेच मानत. कोणता आवाज नुसता भार बसण्याचा आहे आणि कोणता पळायला लावणारा आहे, हे ज्याला थोरल्याच्या आधी कळू लागले, तो मुलगा त्या दिवसापासून मुलगा राहिला नाही. तुम्ही पहिल्या प्रश्नात जी खूण विचारली आहे, ती माझ्या मते ही आहे.

सतरा-अठराव्या वर्षी त्याच्याकडे घोडा येईल. घोड्यांकडून ड्रॅम ओढवून घेण्याचे काम बहुतेक याच वयाची मुले करत. ड्रॅम एकमेकांना जोडताना साखळीचा जो आवाज होतो, तो घोडे मोजतात आणि नेहमीपेक्षा एक डबा जास्त जोडला तर जागचे हलत नाहीत, असे जुने कामगार सांगत. पगाराचे पाकीट मात्र न फोडता आईच्या हातात द्यायचे आणि तिने दिलेले हातखर्चाचे पैसे घ्यायचे, ही रीत त्या वयातही मोडत नसे. अंघोळीचे म्हणाल, तर काही खाणींवर सामाईक न्हाणीघरे झाली होती, पण अनेक घरांत अजूनही चुलीपुढे पत्र्याचे टब मांडून गरम पाणी ओतावे लागे. पाठ रोज धुतली तर कणा कमजोर होतो, या समजुतीने कित्येक जण पाठ काळीच ठेवत. घरात बाप आणि दोन मुलगे खाणीत असले, तर त्या आईचा दिवस पाणी तापवण्यातच सरत असे आणि ती बाई तुमच्या कथेत केवळ वाट पाहणारी आई म्हणून येऊ नये, असे मनापासून वाटते.

रणवाद्य

बल्लारपूरकरांचा प्रतिसाद फार आवडला. संपाविषयी मात्र मला वेगळे वाटते आणि ते स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

आमचे घराणे सातारा जिल्ह्यातले, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेले आहे. धागालेखिकेने नायकाचा भाऊ इटलीत दाखवला आहे, त्या इटलीतच आपले मराठा पलटणीचे जवान लढत होते. नाईक यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल करून वीरमरण पत्करले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जे राज्य त्यांचे स्वतःचे नव्हते, त्या राज्यासाठी ही माणसे विनातक्रार लढली. सैनिकाला मजुरी परवडत नाही म्हणून खंदक सोडता येत नाही. कोळशावाचून पोलाद नाही, जहाज नाही, दारूगोळाही नाही. असे असताना मार्च १९४४ मध्ये एक लाख माणसे काम बंद ठेवतात, याचा परिणाम आघाडीवरच्या भावावर होणार हे नायकाला कळत नसेल, असे मानता येत नाही. त्याची बाजू मांडावी, पण त्याला दोषमुक्त करून टाकू नये. कुमारवाचकांसमोर संपाचा केवळ गौरव ठेवणे मला योग्य वाटत नाही.

इतिहासवेध

रणवाद्य यांनी मांडलेला आक्षेप त्या काळात ब्रिटनमध्येही मांडला गेला होता. वर्तमानपत्रांतून तो रोज छापून येत होता आणि सैन्यातल्या अनेकांनाही तसेच वाटत होते. तेव्हा नायकाच्या भावाने इटलीहून रागाचे पत्र पाठवले, तर ते पूर्णपणे खरे वाटेल. पण नायक त्या संपापर्यंत कसा पोहोचला, हे पाहिल्याशिवाय त्या पत्राला उत्तर लिहिता येणार नाही, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

पहिल्या महायुद्धापूर्वी दक्षिण वेल्समधील खाणी ऐन भरात होत्या आणि १९१३ मध्ये तिथून सुमारे ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला सेंगेनिथ येथील स्फोटात ४३९ कामगार आणि एक बचाव कार्यकर्ता मृत्युमुखी पडला. पुढे निर्यात कोसळली, १९२६ ची सात महिन्यांची टाळेबंदी झाली आणि त्यानंतर दहा-बारा वर्षे बेकारीची गेली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चार लाखांहून अधिक माणसे वेल्स सोडून गेली. १९४० मध्ये खाणीत उतरणारा मुलगा अशा घरात वाढला आहे, जिथे बाप वर्षानुवर्षे बेकार होता आणि सरकारी अधिकारी घरातले सामान मोजून भत्ता ठरवत. खाण तेव्हाही खासगी मालकीची होती आणि युद्धातही ती खासगीच राहिली, हे विसरून चालणार नाही. सैनिक राजासाठी लढत होता, पण खाणकामगार काढत असलेल्या कोळशाचा नफा भागधारकांकडे जात होता. रणवाद्य यांच्या तुलनेत मला हा एक मोठा फरक वाटतो.

मग १९४० चा उन्हाळा आला. दक्षिण वेल्सचा कोळसा फ्रान्सला जाई आणि परतीच्या जहाजांतून फ्रान्समधले लाकूड खाणीतल्या खांबांसाठी येई. जूनमध्ये इटली शत्रूपक्षात गेला, फ्रान्स शरण आला आणि दोन्ही बाजारपेठा एकाच महिन्यात बंद झाल्या. ज्या खाणींना जानेवारीत माणसे अपुरी पडत होती, त्यातल्या अनेक जुलैत बंद पडल्या आणि हजारो कामगार पुन्हा बेकार झाले. तरुण मुले सैन्यात गेली, काही दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेली. वर्षभरात सरकारच्या लक्षात आले की कोळसा कमी पडतो आहे. मे १९४१ मध्ये अत्यावश्यक काम आदेश खाणींना लागू झाला आणि त्यानंतर खाणकामगाराला परवानगीवाचून नोकरी सोडता येईना. गैरहजर राहिल्यास खटला होऊ लागला. म्हणजे ज्या कामासाठी पंधरा वर्षे त्याच्या बापाला कोणी विचारत नव्हते, त्याच कामाला मुलगा कायद्याने बांधला गेला.

त्या मुलाच्या घरातच त्याला तुलना दिसत होती. ब्रिजेंड येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात ३०,००० हून अधिक कामगार होते आणि त्यातल्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. ऱ्होंडातून मुलींनी भरलेल्या गाड्या रोज तिकडे जात. ते कामही जीवघेणे होते, स्फोटकांच्या पुडीने त्यांची कातडी पिवळी पडे आणि स्फोटांत बोटे जात. पण तिथला पगार त्यांच्या भावांना खाणीत मिळणाऱ्या मजुरीहून अधिक असे. अठरा वर्षांचा मुलगा सैन्याच्या दृष्टीने पुरुष होता. खाणीत मात्र पुरी प्रौढ मजुरी एकवीस वर्षे झाल्याशिवाय मिळत नव्हती आणि मताचा हक्कही एकविसाव्या वर्षी होता. अल्पवयीन मुलांच्या छोट्या संपांचे मूळ इथे आहे. बल्लारपूरकरांनी सांगितलेले छताचे आवाज ओळखणारा, घोडा हाकणारा मुलगा पुरुषाचे काम करत होता आणि पुरुषाचा धोकाही पत्करत होता. १९४० आणि १९४१ या दोन्ही वर्षांत ब्रिटनच्या कोळसाखाणींत दरवर्षी नऊशेच्या आसपास माणसे अपघातात मेली. मोबदल्याच्या वहीत मात्र तो मुलगाच राहिला होता.

आता १९४४ कडे येऊ. मजुरीच्या प्रश्नावर दिलेल्या १९४२ च्या ग्रीन निवाड्याने भूमिगत काम करणाऱ्या प्रौढांसाठी आठवड्याला किमान ८३ शिलिंग ठरवले. जानेवारी १९४४ मध्ये पोर्टर निवाडा आला आणि तो आकडा ५ पौंड, म्हणजे १०० शिलिंग झाला. तळातल्या माणसाची मजुरी वाढली, पण थरावर कोळसा तोडणाऱ्या कसबी कामगाराची त्या प्रमाणात वाढली नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे कसब कमावलेला माणूस आणि कालपरवा आलेला माणूस जवळपास एकाच मजुरीवर आले. मार्चच्या सुरुवातीला मॉनमथशरमध्ये काम बंद पडले आणि काही दिवसांत दक्षिण वेल्समधील जवळजवळ साऱ्या खाणी थांबल्या. संप साधारण दोन आठवडे चालला. सरकारला पुन्हा वाटाघाटींना बसावे लागले आणि एप्रिलमध्ये चार वर्षांसाठीचा देशव्यापी करार झाला. सैन्य नॉर्मंडीत उतरले तेव्हा खाणी चालू होत्या.

हा संप संघटनेच्या पुढाऱ्यांना नको होता, हे तुमच्या कथेसाठी मोलाचे आहे. दक्षिण वेल्स खाणकामगार संघाचे अध्यक्ष आर्थर हॉर्नर कम्युनिस्ट होते. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता. या वेळी मात्र फॅसिझमचा पराभव सर्वांत महत्त्वाचा मानून ते कोळसा वाढवा म्हणून खोऱ्याखोऱ्यांतून सभा घेत होते. ऱ्होंडातले तरुण १९३६ नंतर स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेले होते आणि वेल्समधून गेलेल्यांपैकी ३३ जण तिथे मेले. ज्या गावांनी हिटलरविरुद्धच्या लढ्याला सर्वांत आधी माणसे दिली, त्याच गावांनी १९४४ मध्ये काम थांबवले. त्यांना युद्ध हरायचे होते, असे कोणाला म्हणता येणार नाही. तुमच्या नायकाने आपल्याच संघटनेच्या, आपल्याच बापाला पूज्य असलेल्या पुढाऱ्याचे न ऐकता हात वर केला, हा प्रसंग मला भावाच्या पत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सरकारने एप्रिल १९४४ मध्ये १-एए हा नियम काढला. अत्यावश्यक उद्योगात संपाला चिथावणी देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद त्यात होती. एबू व्हेल मतदारसंघाचे खासदार अन्यूरिन बेव्हन यांनी या नियमावर सभागृहात इतका कडाडून हल्ला चढवला की मजूर पक्षातून त्यांची हकालपट्टी होता होता राहिली. बेव्हन स्वतः तेराव्या वर्षी खाणीत उतरलेले होते. त्या नियमाखाली एकावरही खटला भरला गेला नाही.

बल्लारपूरकर

इतिहासवेध यांच्या लेखनाला एक जोड देतो. युद्धाला कोळसा हवा म्हणून कायद्याने कोणाला भूमीखाली न्यायचे, हा प्रश्न आपल्याकडेही त्याच सुमारास उभा राहिला होता. स्त्रियांनी भूमिगत खाणीत काम करण्यावर भारतात असलेली बंदी १९४३ मध्ये सरकारने युद्धाचे कारण देऊन उठवली. सुरुवात मध्य प्रांतातल्या खाणींपासून झाली आणि आपला चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद परिसरातील खाणींना भेट दिली, ते स्वतः खाली उतरले आणि कामगारांच्या घरांत जाऊन त्यांनी पाहणी केली. जानेवारी १९४४ मध्ये खाणकामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला आणि १९४६ च्या फेब्रुवारीत स्त्रियांच्या भूमिगत कामावर पुन्हा बंदी आली. वेल्समध्ये पोर्टर निवाडा येत होता तेव्हाच हे इकडे चालले होते. रणवाद्य, सैनिकाच्या त्यागाविषयी माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे, पण पाठीवर मूल बांधून खाणीच्या तोंडाशी आलेल्या बाईने मजुरी वाढवून मागितली असती, तर तिला आपण देशाचे नुकसान करणारी म्हटले नसते, असे मला वाटते.

वाचनवेल्हाळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रणवाद्य यांचा आक्षेप मी भावाच्या पत्रात तसाच्या तसा ठेवणार आहे, त्याला सौम्य करणार नाही.

आणखी दोन गोष्टी विचारते. युद्धाच्या उत्तरार्धात चिठ्ठ्या टाकून शहरी मुलांना खाणीत पाठवत असत, असे मी वाचले आहे. अशा मुलाला नायकाचा सोबती करावे का? आणि नायकाचे जन्मवर्ष कोणते ठेवावे? मी १९२४ आणि १९२६ यांच्यात घुटमळते आहे.

कार्डिफवासी

चिठ्ठीने आलेल्या मुलांविषयी मी लिहितो. मी नोकरीनिमित्त दक्षिण वेल्समध्ये राहतो आणि इथे या विषयावर अजूनही बोलले जाते.

१९४३ पर्यंत सुमारे ३६,००० अनुभवी खाणकामगार सैन्यात गेले होते. वर्षाला निघणारा कोळसा १९३९ मधल्या सुमारे २३ कोटी टनांवरून २० कोटींच्या खाली आला होता. मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी तेव्हा सोडत काढायचे ठरवले. पहिली सोडत डिसेंबर १९४३ मध्ये निघाली. टोपीत टाकलेल्या चिठ्ठ्यांतून एक अंक काढला जाई आणि ज्यांच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा अंक तोच असेल, त्यांनी सैन्याऐवजी खाणीत जायचे, अशी ती रीत होती. दुकानदाराचा मुलगा असो वा वकिलाचा, सूट नव्हती. कितीतरी मुलांनी अपील केले आणि नकार देणाऱ्या काहींना तुरुंगात जावे लागले, कारण त्यांनी विमानदलाची किंवा आरमाराची स्वप्ने पाहिली होती. सोडतीने आलेले आणि स्वखुशीने आलेले धरून १९४८ पर्यंत सुमारे ४८,००० मुले खाणींत आली. दक्षिण वेल्समधील त्यांचे प्रशिक्षण केंद्र ओकडेल येथे होते आणि तिथे चार आठवडे शिकवून त्यांना खाली पाठवत. गणवेश नसल्यामुळे रस्त्यात पोलीस त्यांना अडवत आणि सैन्यातून पळालेले समजून कागद तपासत. युद्धानंतर त्यांना पदक मिळाले नाही, जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्कही मिळाला नाही. २००८ मध्ये सरकारने त्यांना बिल्ला दिला, तेव्हा त्यांतले बहुतेक जग सोडून गेले होते.

सोबती म्हणून असा मुलगा जरूर घ्या, पण त्याला नायकापेक्षा वयाने मोठा आणि कामात लहान ठेवा. अठरा वर्षांच्या शहरी मुलाला सतरा वर्षांच्या नायकाने हात वर करून गप्प बसवायचे, छत ऐकायला शिकवायचे, असे झाले तर बल्लारपूरकरांनी सांगितलेली खूण आपोआप वाचकाला दिसेल. आणखी एक सांगतो. बॉम्बफेक केवळ शहरांतच झाली असे लिहू नका. फेब्रुवारी १९४१ मध्ये स्वान्सी सलग तीन रात्री जळत होती हे खरे, पण त्याच एप्रिलच्या अखेरीस ऱ्होंडामधील क्वमपार्क या खाणगावावर बॉम्ब पडून २७ माणसे ठार झाली आणि त्यात सुरक्षिततेसाठी शहरातून इथे पाठवलेली मुलेही होती. तुमचा नायक तेव्हा पंधरा वर्षांचा असेल. ढिगाऱ्यातून माणसे काढण्याचे काम खाणगावातल्या माणसांइतके कोणाला येणार?

कधी इकडे येणे झाले तर ब्लेनावॉन येथील बिग पिट पाहा. ती खाण १९८० मध्ये बंद झाली आणि आता राष्ट्रीय कोळसा संग्रहालय आहे. घड्याळ, फोन, बॅटरीवर चालणारे सारे काही वर ठेवून, दिवा लावलेले शिरस्त्राण घालून पिंजऱ्यातून सुमारे ९० मीटर खाली नेतात आणि माहिती सांगणारे बहुधा स्वतः खाणीत काम केलेले असतात. घोड्यांचे तबेले खाली जसेच्या तसे आहेत. तिथले न्हाणीघर १९३९ चे आहे, म्हणजे ब्लेनावॉनचा मुलगा अंघोळ करून घरी जाई, तेव्हा अनेक खोऱ्यांत काळ्या तोंडाने जाणारी मुले होतीच.

इतिहासवेध

जन्मवर्षाबद्दल माझे मत १९२६ च्या बाजूने आहे आणि तेही जानेवारी महिना. टाळेबंदी सुरू झाली तेव्हा तो चार महिन्यांचा असेल आणि सामुदायिक स्वयंपाकघरातल्या अन्नावर त्याची आई जगलेली असेल. जानेवारी १९४० मध्ये तो चौदा वर्षांचा होतो, तेव्हा फ्रान्सकडून मागणी असल्यामुळे खाणीत त्याला लगेच काम मिळते, आणि सहा महिन्यांत खाण बंद पडून बापलेक दोघेही घरी बसतात. पहिल्या कमाईचा अभिमान आणि पहिली बेकारी त्याला एकाच वर्षात भेटते. संपाच्या वेळी तो अठरा पुरे झालेला आहे. एकवीस वर्षे त्याला जानेवारी १९४७ मध्ये पूर्ण होतात आणि त्याच महिन्याच्या १ तारखेला ब्रिटनमधील खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवते, अशा पाट्या प्रत्येक खाणीवर लागल्या. कचेरीत बसणारा व्यवस्थापक बहुतेक ठिकाणी मात्र जुनाच होता आणि त्या मुलाला ते लगेच दिसले असणार.

१९२४ चा फायदा एवढाच की तो मुलगा १९४५ च्या निवडणुकीत मत देऊ शकेल. त्याआधीची निवडणूक १९३५ मध्ये झालेली असल्यामुळे दहा वर्षांत वयात आलेल्या साऱ्यांचे ते पहिले मत होते. वेल्समधील ३६ पैकी २५ जागा मजूर पक्षाला मिळाल्या आणि पूर्व ऱ्होंडात कम्युनिस्ट उमेदवार हॅरी पॉलिट अवघ्या ९७२ मतांनी हरले. १९२६ चा नायक त्या दिवशी एकोणीस वर्षांचा असेल. तो घोषणा देईल, पत्रके वाटेल, पण मतदानाच्या खोलीत त्याला प्रवेश नसेल, आणि माझ्या मते कथेला हेच अधिक शोभते. लष्करातून रजेवर आलेला भाऊ मत देऊन बाहेर येईल आणि दोघांची त्या पत्रानंतरची पहिली भेट तिथेच घडवता येईल.

एक गोष्ट मात्र कथेच्या बाहेर ठेवू नका, ती म्हणजे धूळ. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या डॉक्टरांनी १९३७ पासून दक्षिण वेल्समधील, विशेषतः पश्चिमेकडच्या अँथ्रासाइट या कठीण कोळशाच्या खाणींतील कामगारांच्या छातीचे फोटो काढून दाखवून दिले की नुसत्या कोळशाच्या धुळीनेही फुप्फुसे निकामी होतात. १९४३ मध्ये हा आजार भरपाईस पात्र ठरला. पण ज्याला प्रमाणपत्र मिळाले त्याला खाण सोडावी लागे आणि खोऱ्यात दुसरे काम नसे. म्हणून पुष्कळ बाप खोकला लपवून खाली जात राहिले. नायकाचा बाप तसा असू द्या. जिन्यावर तो मध्येच थांबतो आणि बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करतो. मुलगा एक-दोन पायऱ्या वर जाऊन उभा राहतो, खाली पाहत नाही, बाप उठेपर्यंत थांबतो आणि मग पुढे चालू लागतो. हे तो केव्हापासून करू लागला, ते तुम्हीच ठरवा. माझ्या अंदाजाने संपाच्या बऱ्याच आधीपासून.